कार्ताहिनेसचा दुष्काळ कोणत्या पट्टीने मोजायचा?

कोस्टा रिकाच्या कार्तागो शहरातील क्लुब स्पोर्ट कार्ताहिनेस या क्लबने २०२२ च्या जुलै महिन्यात अंतिम लढतीत आलाहुएलेन्सेला मागे टाकून देशाचे फुटबॉल अजिंक्यपद पटकावले. त्याआधीचे त्यांचे अजिंक्यपद १९४० सालचे होते. एवढे मोठे अंतर पाहिल्यावर क्रीडापत्रकारांना मोह आवरणे कठीणच. ठिकठिकाणी ही बातमी 'शाप उतरला' या एकाच साच्यातून छापून निघाली. त्यानंतर या क्लबविषयी जो वाद सुरू झाला आणि अजूनही अधूनमधून पेटतो, त्यात दोन पक्ष आहेत. एका पक्षाला शापाची दंतकथा प्रिय आहे. हा पक्ष हरण्यातही काव्य शोधतो आणि आठ दशके वाट पाहणाऱ्या चाहत्यांना संतांच्या पंगतीत बसवतो. दुसरा पक्ष स्वतःला व्यवहारी समजतो. शाप वगैरे काही नव्हते, क्लब वाईट चालवला गेला म्हणून हरला, आणि आठ दशकांत एकदाही न जिंकणाऱ्या संघाला 'मोठ्या चार पारंपरिक क्लबांपैकी एक' म्हणवून घेण्याचा अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे: १९४० ते २०२२ हा काळ म्हणजे एक पोकळी आहे, आणि त्या पोकळीचे कारण तेवढे शोधायचे आहे.

माझा आक्षेप या एकमतालाच आहे. ती आठ दशके ही पोकळी नव्हे. कार्ताहिनेसचा इतिहास बहुतांशी तोच आहे. अजिंक्यपदांची संख्या एखाद्या क्लबविषयी काही सांगते, पण तो क्लब ज्या लीगमध्ये खेळतो तिच्या रचनेविषयी त्याहून कितीतरी जास्त सांगते. प्रांतिक शहरातल्या क्लबचे मूल्यमापन करायचे असेल, तर त्याने किती करंडक आणले यापेक्षा तो त्या शहराची संस्था म्हणून टिकला का, कोणाच्या जोरावर टिकला आणि त्या टिकण्याचा हिशेब कोणी मागितला का, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. शापवादी हे प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांना कथा पुरेशी आहे. व्यवहारवादीही विचारत नाहीत, कारण त्यांना अजिंक्यपदांचा तक्ता पुरेसा आहे.

आधी क्लबचा परिचय. कार्ताहिनेसची स्थापना १ जुलै १९०६ रोजी झाली. विली पिरी हे नाव त्या स्थापनेशी जोडले गेले आहे. देशात आज खेळत असलेल्या फुटबॉल क्लबांमध्ये हा सर्वांत जुना मानला जातो. कॉफी लंडनला जात होती, बागायतदारांची मुले इंग्लंडला शिकायला जात होती, आणि परत येताना ती चेंडू घेऊन येत होती, असा तो काळ. १९२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या सात संघांमध्ये कार्ताहिनेस होता. पहिली दोन अजिंक्यपदे एरेदिया शहराच्या एरेदियानोने घेतली. तिसरे, १९२३ चे, कार्ताहिनेसने. पुढे १९३६ आणि १९४० मध्ये आणखी दोन. म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या वीस वर्षांत तीन. हा काही दैदीप्यमान वारसा नव्हता, पण बऱ्यापैकी होता. यानंतर दुष्काळ सुरू होतो.

आता शाप. या कथेची जी रूपे प्रचलित आहेत त्यांपैकी एकात १९४० च्या विजयानंतर जल्लोष करणारी मंडळी मद्याच्या धुंदीत घोड्यांसह शहरातल्या देवदूतांच्या मातेच्या बासिलिकेत, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, शिरली आणि संतापलेल्या धर्मगुरूने शाप दिला की यांतला शेवटचा माणूस मरेपर्यंत क्लब पुन्हा जिंकणार नाही. दुसऱ्या रूपात मैदानात कोणीतरी एक बाहुली पुरून ठेवली आहे. क्लबच्या थोर खेळाडूच्या नावाने ओळखले जाणारे फेयो मेसा स्टेडियम खुले झाले १९४९ मध्ये, त्यामुळे बाहुली खरी मानली तर पहिल्या नऊ वर्षांचा हिशेब लागत नाही. पण दंतकथांकडे पावत्या मागू नयेत. दंतकथेकडे विचारायचा प्रश्न वेगळा असतो: ही कथा याच शहराला का सुचली?

कार्तागोचा इतिहास पाहिला तर ते समजते. सोळाव्या शतकात वसलेले हे शहर वसाहतकाळात कोस्टा रिकाची राजधानी होते. स्पॅनिश सत्ता संपल्यावर मेक्सिकोत इतुर्बिदेचे साम्राज्य उभे राहिले. त्या साम्राज्यात सामील व्हायचे की प्रजासत्ताक व्हायचे, यावर देशात फूट पडली. कार्तागो आणि एरेदिया साम्राज्याच्या बाजूला झुकले, सान होसे आणि आलाहुएला प्रजासत्ताकाच्या. ५ एप्रिल १८२३ रोजी ओचोमोगोच्या टेकड्यांवर लढाई झाली, कार्तागो हरले आणि राजधानी वीस-बावीस किलोमीटरवरच्या सान होसेला गेली. दैवदुर्विलास असा की ज्या साम्राज्यासाठी हे रक्त सांडले ते मेक्सिकोत आधीच कोसळले होते. बातमी पोहोचायची होती इतकेच. पुढे १९०८ मध्ये मध्य अमेरिकेच्या पाच देशांनी मिळून स्थापन केलेले न्यायालय कार्तागोत आले. दोन देशांनी युद्धाऐवजी न्यायाधीशांपुढे उभे राहावे यासाठीची ही संस्था, तिच्यासाठी अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून इमारत उभी राहत होती, आणि गमावलेल्या प्रतिष्ठेचा काही अंश परत मिळेल असे वाटत होते. ४ मे १९१० च्या भूकंपाने शहर जमीनदोस्त केले, शेकडो माणसे मेली, ती इमारतही पडली, आणि न्यायालय कुठे गेले? अर्थातच सान होसेला. १९६३ पासून दोन वर्षे इरासू ज्वालामुखी राख ओकत राहिला आणि त्याच काळात चिखलाच्या लोंढ्याने शहराच्या काही भागांत प्राणहानी केली. सान्तियागो चर्चचे भग्नावशेष आजही शहराच्या मध्यभागी उद्यान म्हणून जपलेले आहेत.

ज्या शहराची राजधानी गेली, न्यायालय गेले, घरे गेली, त्या शहराला आपल्या क्लबचे न जिंकणे हा त्याच मालिकेतला पुढचा अध्याय वाटला, तर त्यात आश्चर्य ते काय? शिवाय कथेत गुन्हा कुठला आहे तेही पाहा: बासिलिकेचा अपमान. राजधानी गेल्यावर कार्तागोकडे जे एकमेव राष्ट्रीय महत्त्व उरले ते या मंदिराचेच. २ ऑगस्टच्या उत्सवासाठी देशभरातून लाखो यात्रेकरू तिथे पायी येतात, सान होसेहूनही. जे शहराने टिकवले तेच आपल्या हातून विटाळले गेले, म्हणून जे मिळवायचे ते मिळत नाही, असे या कथेचे तर्कशास्त्र आहे. तेव्हा शापाची कथा मूर्खपणाची आहे असे मी म्हणणार नाही. ती कार्तागो शहराबद्दल पुरावा देते. फुटबॉलबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही, आणि शापवाद्यांची गफलत होते ती इथे.

कारण फुटबॉलच्या अंगाने पाहिले तर शापाची अधिकारकक्षा भलतीच चमत्कारिक ठरते. कॉनकाकॅफची १९९४ ची चँपियन्स कप स्पर्धा, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन मिळून होणारी क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, कार्ताहिनेसने जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी मेक्सिकोच्या आत्लान्तेला ३–२ असे हरवले. हा सामना झाला कॅलिफोर्नियातील सान होसेत, हा योगायोग कार्तागोच्या माणसाला किती सुखावला असेल याची कल्पनाच केलेली बरी. तोवर कोस्टा रिकातल्या केवळ दोन क्लबांना हा करंडक मिळाला होता, राजधानीचा साप्रिसा आणि आलाहुएला शहराचा आलाहुएलेन्से. देशात तीसच्या घरात अजिंक्यपदे मिळवणाऱ्या एरेदियानोला तो आजवर एकदाही मिळालेला नाही. मग शापित कोण? कार्तागोच्या धर्मगुरूचा शब्द देशाच्या सीमेवर संपत होता असे मानायचे, की 'न जिंकणारा क्लब' हे वर्णनच अर्धवट आहे असे? दुष्काळाच्या बहुतेक लेखांत हा विजय एका वाक्यात उरकला जातो किंवा गाळला जातो, कारण तो कथेला गैरसोयीचा आहे. व्यवहारवाद्यांनाही तो गैरसोयीचाच: पिढ्यान्‌पिढ्या नालायक माणसांनी चालवलेला क्लब मेक्सिकोच्या संघाला हरवून खंडाचा विजेता कसा होतो?

तरीही व्यवहारवाद्यांचे जे बळकट मुद्दे आहेत ते मान्य करायलाच हवेत. पहिला असा: प्रांतिक क्लब, राजधानीची सावली, वगैरे तक्रार कार्ताहिनेसला शोभत नाही, कारण एरेदियानो आणि आलाहुएलेन्से हेही प्रांतिक शहरांचेच क्लब आहेत. एरेदिया सान होसेपासून कार्तागोपेक्षाही जवळ आहे. ती सावली त्यांच्यावर का पडली नाही? दुसरा मुद्दा याहून झोंबणारा. २००७ पासून कोस्टा रिकात वर्षाला दोन छोट्या स्पर्धा होऊ लागल्या, म्हणजे वर्षाला दोन विजेते. लहान क्लबांना संधी दुप्पट झाली. या काळात लिबेरिया मिया आणि ब्रुहास हे दोघे २००९ मध्ये, पेरेस सेलेदोन २०१७ मध्ये आणि सान कार्लोस २०१९ मध्ये विजेते झाले. यांतला एकही क्लब कार्ताहिनेसइतका जुना किंवा कार्ताहिनेसइतका चाहतावर्ग असलेला नव्हता. कार्ताहिनेसला मात्र २०१३ मध्ये अंतिम फेरी गाठूनही एरेदियानोपुढे पेनल्टींवर हार पत्करावी लागली आणि आणखी नऊ वर्षे थांबावे लागले. हे सगळे लीगच्या रचनेवर ढकलता येईल का?

सगळे नाही. पण व्यवहारवादी समजतात त्याहून बरेच जास्त ढकलता येते. पहिल्या मुद्द्याचे उत्तर काळाच्या क्रमात आहे. एरेदियानोने १९२१ पासूनच्या पहिल्या दोन दशकांत निम्म्याच्या आसपास अजिंक्यपदे घेतली, तीही राष्ट्रीय चाहतावर्ग घडत असताना. आलाहुएलेन्सेने चाळिशीच्या दशकात स्वतःला स्थापित केले. साप्रिसाची स्थापनाच १९३५ ची, पहिल्या विभागात प्रवेश १९४९ चा, आणि १९७२ ते १९७७ अशी सलग सहा अजिंक्यपदे घेईपर्यंत तो देशातला सर्वांत लोकप्रिय क्लब झालेला होता. आकाशवाणी, वृत्तपत्रे आणि पुढे दूरचित्रवाणी यांनी फुटबॉल घराघरांत नेला त्या काळात जे जिंकत होते त्यांचे चाहते देशभर तयार झाले. जे जिंकत नव्हते त्यांचे चाहते आपल्या शहरात राहिले. देशभर चाहते म्हणजे तिकिटांचा आणि जाहिरातींचा जास्त पैसा, जास्त पैसा म्हणजे शेजारच्या शहरातला चांगला खेळाडू विकत घेण्याची ऐपत, आणि तो खेळाडू म्हणजे पुढचे अजिंक्यपद. हे चक्र चढत्या व्याजासारखे चालते. ज्याने १९३० मध्ये मुद्दल गुंतवले त्याला २००० मध्ये जे मिळते ते केवळ २००० च्या कर्तबगारीचे नसते. कार्ताहिनेसचा खरा करंटेपणा १९४० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतला होता, जेव्हा दार अजून उघडे होते. त्यानंतरच्या पिढ्यांना त्यांच्या हातून न घडलेल्या चुकीचे व्याज भरावे लागले.

या चक्राचे परिणाम आकड्यांत पाहता येतात. साप्रिसा, आलाहुएलेन्से आणि एरेदियानो या तिघांची अजिंक्यपदे मिळून शंभराच्या घरात जातात. एका शतकाहून थोड्या अधिक काळाच्या स्पर्धेत बाकी सगळ्यांना मिळून जे उरते ते किरकोळ. १९४० नंतर २०२२ पर्यंत ढोबळमानाने नव्वद स्पर्धा झाल्या असे धरू. दहा संघांच्या लीगमध्ये सगळ्यांना सारखी संधी असती, तर एखाद्या संघाने नव्वद वेळा न जिंकण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी निघते. तेव्हा शाप किंवा अपूर्व नालायकी यांचा आधार घ्यावा लागला असता. पण तिघांचा वाटा काढून घेतल्यावर उरलेल्या एखाद्या बऱ्या संघाची प्रत्येक स्पर्धेतली संधी तीन टक्के असेल, तर नव्वद वेळा कोरडे राहण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या वर जाते. दोन टक्के असेल, तर सोळा टक्क्यांपर्यंत. असे संघ अनेक आहेत. त्यांतला एखादा आठ दशके कोरडा राहणे ही मग काही अद्भुत घटना उरत नाही. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोनने तर देशाला इतके खेळाडू देऊनही एकदाही अजिंक्यपद पाहिलेले नाही. लिमोनच्या शापावर कोणी लेख लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, कारण तिथे घोडेही नाहीत आणि बासिलिकाही नाही.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर मात्र मला या सगळ्या वादाच्या मुळाशी नेते. लिबेरिया मिया आणि ब्रुहास जिंकले, हे खरे. पुढे काय झाले? ब्रुहास हा जुन्या क्लबचा हक्क घेऊन नव्या नावाने उभा केलेला व्यवसाय होता. अजिंक्यपदानंतर काही वर्षांतच तो नाहीसा झाला आणि पहिल्या विभागातली त्याची जागा दुसऱ्याच नावाकडे गेली. लिबेरिया मियाही अजिंक्यपदानंतर पैशाच्या अडचणींत सापडला, ते नावही टिकले नाही आणि पहिल्या विभागातले स्थानही. व्यवहारवाद्यांच्या तक्त्यात या दोन्ही नावांपुढे एकेक अजिंक्यपद आहे आणि १९४१ ते २०२१ या काळात कार्ताहिनेसपुढे शून्य. त्या तक्त्यानुसार ब्रुहास यशस्वी आणि कार्ताहिनेस अपयशी. ज्या पट्टीने मोजल्यावर अस्तित्वातच नसलेला क्लब जिवंत क्लबपेक्षा सरस ठरतो, ती पट्टी नक्की काय मोजते?

कोणी म्हणेल, ही नव्या काळातल्या भांडवली क्लबांची उदाहरणे झाली. मग जुनी पाहू. राजधानीच्या ला लिबेर्तादने १९२५ पासून १९४६ पर्यंत सहा अजिंक्यपदे घेतली, म्हणजे कार्ताहिनेसच्या आजच्या एकूण संख्येपेक्षाही जास्त. सान होसेच्याच ओरियोनने १९३८ आणि १९४४ मध्ये दोन घेतली. पहिल्या विभागातून ही दोन्ही नावे केव्हाच गेली, आणि आजच्या तरुण चाहत्याला ती सांगावी लागतात. राजधानी, सुरुवातीचा मान, करंडक, सगळे असून ती टिकली नाहीत, कारण साप्रिसा आल्यावर त्यांच्या चाहत्याला आपला क्लब बदलायला फार काही सोडावे लागत नव्हते. शहर तेच, वस्ती तीच, फक्त जर्सीचा रंग निराळा. कार्तागोच्या माणसाला ते शक्य नव्हते. क्लब बदलायचा तर सान होसेचा क्लब धरावा लागला असता, आणि १८२३ पासूनचा सगळा इतिहास त्याच्या आड येत होता. (कार्तागोत साप्रिसाचे चाहते नाहीत असे नाही, भरपूर आहेत. पण त्यांना घरात टोमणे ऐकावे लागतात.) दुष्काळ मोजता येतो तो जिवंत राहिलेल्याचाच, हे आपण विसरतो. ला लिबेर्तादचा दुष्काळ कोणी मोजत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला दूर जावे लागू नये. महाराष्ट्राच्या रणजी संघाने १९३९–४० आणि १९४०–४१ असे लागोपाठ दोनदा, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली, रणजी करंडक जिंकला. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही. १९७०–७१, १९९२–९३ आणि २०१३–१४ मध्ये अंतिम फेरीपर्यंत जाऊन संघ हरला. म्हणजे महाराष्ट्राचा दुष्काळ कार्ताहिनेसच्याच सुमारास सुरू झाला आणि कार्ताहिनेसचा संपल्यावरही चालू राहिला. शेजारी बेचाळीस वेळा रणजी जिंकलेली मुंबई आहे, जिने एके काळी सलग पंधरा वर्षे हा करंडक कोणाला हातही लावू दिला नाही. तरी पुण्यात कोणाला शाप आठवला नाही, आणि महाराष्ट्राचे क्रिकेट म्हणजे आठ दशकांची पोकळी असेही कोणी समजत नाही. आपण भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा सांगतो, चंदू बोर्डे सांगतो, ऋतुराज गायकवाड सांगतो. स्वतःच्या प्रांताबाबत आपल्याला जे सहज कळते ते कार्तागोबाबत का कळू नये? फरक एवढाच की रणजी संघ संघटनेचा असतो, तो हरला म्हणून बंद पडत नाही. कार्ताहिनेसला दर आठवड्याला तिकिटे विकून जगायचे होते.

आता माझ्या बाजूवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. टिकणे हेच यश मानले, तर क्लब चालवणाऱ्यांना मोकळे रान मिळते. ज्या क्लबचे चाहते हरल्यावरही येतात, त्या क्लबच्या संचालकांना जिंकण्याची घाई कशाला? शापाची कथा तर त्यांच्या फारच पथ्यावर पडते: अंदाजपत्रक चुकले, प्रशिक्षक चार महिन्यांत बदलला, चांगला खेळाडू विकून आलेला पैसा कुठे गेला ते कळले नाही, आणि दोष मात्र १९४० सालच्या घोड्यांना. या आक्षेपात तथ्य आहे. चाहत्यांची निष्ठा ही अशी संपत्ती आहे की जिच्या गैरवापराचा लेखापरीक्षक कोणी नसतो. सहनशीलतेचे गोडवे गाणारे लेख, आणि त्यात स्वतः चाहत्यांनी लिहिलेलेही आले, नकळत त्या गैरवापराला प्रमाणपत्र देतात.

पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढायचा? व्यवहारवादी म्हणतात: म्हणून अजिंक्यपदांवरच मोजा, म्हणजे संचालक जागे राहतील. मला नेमके उलटे दिसते. तिघांच्या हातात लीगचा बहुतेक पैसा असताना चौथ्या क्लबच्या संचालकांना अजिंक्यपदावर मोजले, तर त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात: ब्रुहासप्रमाणे पुढच्या वर्षांचे पैसे या वर्षी उधळून एकदाच जिंकणे, किंवा 'आमच्या नशिबातच नाही' म्हणून हात वर करणे. पहिल्याने क्लब मरतो, दुसऱ्याने संचालक सुटतात. याउलट टिकण्याची पट्टी नीट लावली तर ती जास्त कडक असते, कारण तिच्यात नशिबाला जागा नाही. कार्तागो प्रांतातली किती मुले पहिल्या संघापर्यंत पोहोचली, ती कोणत्या अटींवर विकली गेली, मैदानावर मालकी कोणाची, कर्ज किती आणि कोणाचे, सभासदांना मत आहे का: या प्रश्नांची उत्तरे दरवर्षी देता येतात आणि त्यांत पेनल्टी हुकल्याची सबब चालत नाही. रांदाल ब्रेनेससारखा कार्तागोचा सुपुत्र २०१४ च्या विश्वचषकासाठी देशाच्या संघात निवडला गेला आणि आपल्या शहराच्या क्लबसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद न जिंकताच खेळातून बाहेर पडला. तक्त्यात ती पिढी अपयशी. टिकण्याच्या पट्टीवर विचारायचा प्रश्न असा की तिच्यातून मिळालेल्या पैशाने आणि प्रतिष्ठेने क्लबने पुढच्या पिढीसाठी काय उभे केले.

२०२२ च्या विजयाकडेही असे पाहिले तर तो जास्त नीट कळतो. हेइनेर सेगुरा या स्थानिक व्यवस्थेत घडलेल्या प्रशिक्षकाकडे संघ होता. आघाडीला क्युबाचा मार्सेल एर्नांदेस होता, जो मधल्या काळात आलाहुएलेन्सेकडे जाऊन परतला होता. चांगला खेळाडू मोठ्या तिघांपैकी कोणाकडे जातो हा नियम, आणि तो परत येणे हा अपवाद. विजय त्या अपवादाच्या वर्षी आला. यात गूढ असे काही नाही. गूढ वाटते कारण नियमाबद्दल आपण बोलतच नाही.

आणि नियम बदलता येतो. शेजारच्या एल साल्वादोरमध्ये सांता आनाचा 'फास' (FAS) आणि सान मिगेलचा आगिला हे दोन्ही प्रांतिक शहरांचे क्लब कित्येक दशके अजिंक्यपदांच्या यादीत वरच्या स्थानांवर आहेत. सान साल्वादोरला ते कधी एकहाती वर्चस्व मिळाले नाही. ग्वातेमालात मात्र राजधानीचे म्युनिसिपाल आणि कोमुनिकासियोनेस यांनीच बहुतेक वाटून खाल्ले, आणि केत्सालतेनांगोच्या शेलाहूला १९६२ ते १९८०, १९८० ते १९९६ अशा दीर्घ प्रतीक्षा कराव्या लागल्या. तेव्हा राजधानी आणि प्रांत यांचे नाते हा निसर्गनियम नव्हे. कोस्टा रिकात क्लब आपापल्या घरच्या सामन्यांचे दूरचित्रवाणी हक्क आपापले विकतात. ज्याचे देशभर चाहते त्याच्या हक्कांना भाव, आणि कार्ताहिनेससारख्याला शहरापुरता भाव. हे हक्क एकत्र विकून काही भाग समान वाटला, तर तिघांचे वर्चस्व लगेच संपेल असे मी म्हणत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९९२ पासून हक्क एकत्र विकले जातात आणि तिथेही श्रीमंतच बहुधा जिंकतात. पण तिथे लेस्टर २०१६ मध्ये जिंकू शकले, आणि जिंकण्यासाठी त्यांना आधी नाव बदलावे लागले नाही की नंतर दुकान बंद करावे लागले नाही.

मोठ्या तिघांना हे पटणार नाही, आणि त्यांच्या जागी असतो तर मलाही पटले नसते. आमच्या चाहत्यांमुळे येणारा पैसा आम्ही का वाटावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच की सामना दोन संघांत होतो. साप्रिसाचा फेयो मेसावरचा सामना कार्तागोच्या लोकांनी भरलेल्या मैदानामुळे पाहण्याजोगा होतो, आणि ते मैदान ऐंशी वर्षांहून अधिक काळ काहीही न जिंकता भरत राहिलेल्या माणसांनी भरलेले असते. लीग जे विकते त्या मालात त्यांचाही वाटा आहे. कार्ताहिनेसच्या संचालकांनी शापावरच्या प्रश्नांना हसून उत्तरे देण्यापेक्षा लीगच्या बैठकीत हा वाटा मागावा, आणि तो मागण्याआधी स्वतःचे हिशेब सभासदांपुढे ठेवावेत.